पुरुषांचे केस गळणे: गोळी नको असेल तर लावायचे औषध कोणते?

"डॉक्टर, गोळी न घेता काही होईल का?" केस विरळ होत असलेल्या तरुणांकडून हा प्रश्न वारंवार येतो. बहुतेक वेळा तो सोबत आलेली आई किंवा पत्नी बाहेर गेल्यावर, आवाज खाली करून विचारला जातो. गोळीमुळे लैंगिक इच्छा कमी होते, असे कुठेतरी वाचलेले असते. कुणाचे लग्न ठरत असते, कुणाला मूल हवे असते. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लावायचे औषध म्हणजे तेलासारखे निर्धोक, हा समजही तितकाच चुकीचा आहे. या लेखात डोक्याच्या त्वचेवर लावायचे कोणते उपाय खरोखर काम करतात, किती करतात आणि कोणती काळजी घ्यावी लागते, ते पाहू.

थोडक्यात

- गोळी नको असेल तर पहिला पर्याय म्हणजे ५ टक्के मिनॉक्सिडिल. ते हार्मोनवर परिणाम करत नाही.
- लावायचे फिनास्टेराइड हा मधला मार्ग आहे. गोळीपेक्षा कमी औषध रक्तात जाते, पण काही प्रमाणात जातेच.
- कोणत्याही उपायाचा निकाल किमान ४ ते ६ महिन्यांनी लावावा.
- औषध थांबवले की मिळालेला फायदा काही महिन्यांत निघून जातो.
- घरात गर्भवती, लहान बाळ किंवा मांजर असेल तर जास्त काळजी घ्यावी लागते.

केस का विरळ होतात?

पुरुषांमधील टक्कल बहुतेक वेळा अनुवंशिक असते. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची रेषा मागे सरकते आणि डोक्यावरच्या भोवऱ्यापाशी केस पातळ होतात. डोक्याच्या मागचे व कानांवरचे केस मात्र टिकून राहतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी हा गुण येऊ शकतो.

शरीरातील टेस्टोस्टेरॉन या हार्मोनपासून एका एन्झाइममुळे डीएचटी नावाचे अधिक प्रभावी हार्मोन तयार होते. ज्यांची केशमुळे या डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्यात केसांच्या वाढीचा काळ दर वेळी थोडा थोडा कमी होतो. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, नंतर नुसती लव उरते आणि शेवटी तीही दिसेनाशी होते. शरीरात हार्मोन "वाढल्यामुळे" टक्कल पडते असे नाही. हेल्मेट, टोपी किंवा रोज केस धुणे यांमुळेही ते पडत नाही.

याचा उपचाराशी थेट संबंध आहे. केशमूळ बारीक झाले असले तरी जिवंत असेल, तोवर औषधाचा उपयोग होतो. जिथे त्वचा पूर्ण गुळगुळीत आणि चकचकीत झाली आहे, तिथे कोणतेही लावायचे औषध पुन्हा दाट केस आणत नाही. म्हणून उपचार जितका लवकर सुरू होईल तितके बरे.

गोळीची भीती किती खरी?

टकलासाठी दिली जाणारी मुख्य गोळी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम. अमेरिकेत तिला १९९७ साली मान्यता मिळाली. ती डीएचटी तयार होणे कमी करते. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांपैकी सुमारे ४ जणांत आढळल्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही सुमारे २ जणांनी तशाच तक्रारी केल्या. म्हणजे बहुसंख्य पुरुषांना त्रास होत नाही आणि ज्यांना होतो त्यांपैकी बहुतेकांचा गोळी बंद केल्यावर कमी होतो. मात्र काही पुरुषांनी गोळी थांबवल्यानंतरही तक्रारी राहिल्याचे सांगितले आहे. मनःस्थिती खालावणे आणि आत्महत्येचे विचार येणे याबाबतचा इशाराही आता औषधाच्या माहितीपत्रकात असतो. त्यामुळे ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, ज्यांना आधीच लैंगिक तक्रार आहे किंवा ज्यांचे मन या गोळीला तयारच नाही, त्यांनी लावायच्या औषधाचा विचार करणे योग्य आहे.

पहिला पर्याय: मिनॉक्सिडिल

मिनॉक्सिडिल मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते त्वचेवर लावून पाहण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेत १९८८ साली पुरुषांच्या टकलासाठी २ टक्के द्रावणाला मान्यता मिळाली, पुढे ५ टक्के द्रावण आणि नंतर फोम आला. ते डीएचटीला हात लावत नाही. केसांच्या वाढीचा काळ लांबवते आणि बारीक झालेला केस पुन्हा थोडा जाड करते. लैंगिक इच्छेवर किंवा वीर्यावर परिणाम होण्याची भीती ज्यांना आहे, त्यांच्यासाठी म्हणूनच हा पहिला पर्याय आहे.

पुरुषांसाठी ५ टक्के हे प्रमाण योग्य. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ३९३ पुरुषांवरील चाचणीत ४८ आठवड्यांनंतर ५ टक्के द्रावणाने २ टक्क्यांच्या तुलनेत ४५ टक्के अधिक केस उगवले. पण म्हणून १० टक्के घेतले तर आणखी फायदा होईल असे नाही. त्याने खाज आणि लालसरपणा मात्र वाढतो.

सगळ्यांना सारखा गुण येत नाही. त्वचेतील एक एन्झाइम मिनॉक्सिडिलचे कार्यक्षम रूपात रूपांतर करते. ते ज्यांच्यात कमी असते, त्यांना सहा महिने नीट लावूनही फरक दिसत नाही. भोवऱ्यापाशी परिणाम सहसा चांगला दिसतो, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी.

कसे लावावे?

"लावले, पण उपयोग झाला नाही" असे सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत औषधापेक्षा पद्धतच चुकलेली असते.

१. डोके कोरडे असावे. ओल्या किंवा तेल लावलेल्या डोक्यावर लावू नये.
२. भांग पाडून औषध त्वचेवर लावावे. केसांना लागलेले औषध वाया जाते.
३. द्रावण असेल तर एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. ड्रॉपरवर खूण असते. या हिशेबाने ६० मिलीची बाटली महिनाभर पुरते. तीन महिने पुरत असेल तर औषध कमी पडते आहे. फोम असेल तर अर्धे झाकण, दिवसातून दोनदा.
४. बोटांनी हलके पसरावे आणि हात साबणाने धुवावेत.
५. पुढचे चार तास डोके धुऊ नये. हेल्मेट घालण्यापूर्वी औषध पूर्ण वाळू द्यावे.
६. रात्रीचे औषध झोपण्याच्या दोन ते चार तास आधी लावावे, म्हणजे ते उशीला आणि तिथून चेहऱ्याला लागत नाही.
७. औषधात अल्कोहोल असते आणि ते पेट घेते. ते वाळेपर्यंत गॅस, देवाचा दिवा आणि सिगारेट यांपासून दूर राहावे.
८. एखाद्या वेळी लावायचे राहिले तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नये.

दिवसातून दोनदा जमतच नसेल, तर अधूनमधून दोनदा लावण्यापेक्षा रोज न चुकता एकदा लावणे बरे. तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

सुरुवातीला केस जास्त गळतात, घाबरू नका

औषध सुरू केल्यावर दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान अनेकांचे केस पूर्वीपेक्षा जास्त गळतात. कंगव्यात, उशीवर आणि न्हाणीघरात केस दिसू लागतात आणि घरचे म्हणतात, "आधी ते औषध बंद कर." औषध सोडून देण्याची सर्वात मोठी चूक इथेच होते. विश्रांतीच्या अवस्थेतील जुने केस गळून त्याच मुळातून नवा केस वाढीला लागतो, म्हणून ही गळती होते. काही आठवड्यांत ती थांबते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे चार महिन्यांआधी आरशात फरक दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. पहिल्या दिवशी आणि नंतर दर तीन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच उजेडात भोवऱ्याचा आणि कपाळाचा फोटो काढावा. रोज आरसा पाहून निकाल लावता येत नाही. गळती थांबली आणि केस आहेत तितके टिकले, तरी तो उपचाराचा गुणच आहे.

मिनॉक्सिडिलचे त्रास

सर्वात जास्त दिसणारा त्रास म्हणजे खाज, कोरडेपणा आणि कोंड्यासारखी सालपटे. अनेकदा याला औषध नव्हे, तर द्रावणातील प्रोपिलीन ग्लायकोल कारण असते. फोममध्ये ते नसते, म्हणून फोम घेतल्यावर त्रास थांबू शकतो. कपाळावर किंवा गालावर औषध ओघळले तर तिथे लव वाढते.

त्वचेतून फार थोडे औषध रक्तात जाते. तरीही छातीत धडधड, चक्कर, छातीत दुखणे, हातापायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली तर औषध थांबवून डॉक्टरांना भेटावे. हृदयविकार असेल किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये. डोक्यावर जखम, पुरळ किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल तेव्हाही लावू नये.

मधला मार्ग: लावायचे फिनास्टेराइड

एकट्या मिनॉक्सिडिलने पुरेसा फरक पडत नाही आणि गोळीही नको, अशा वेळी हा पर्याय पुढे येतो. युरोपातील काही देशांत ०.२५ टक्के फिनास्टेराइडचा फवारा मान्य आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र लावायच्या फिनास्टेराइडला मान्यता दिलेली नाही. भारतात ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि ०.१ टक्का फिनास्टेराइड यांचे मिश्रण औषधांच्या दुकानांत मिळते.

युरोपातील फवाऱ्याच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत केसांच्या संख्येतील वाढ गोळीच्या जवळपास होती. रक्तातील डीएचटी गोळीने सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले, फवाऱ्याने सुमारे ३५ टक्क्यांनी. या आकड्यांचे दोन अर्थ आहेत. एक, शरीरावरचा परिणाम गोळीपेक्षा कमी आहे. दोन, तो शून्य नाही. "फक्त डोक्यापुरते काम करते" ही जाहिरात खरी नाही.

मात्रेचा हिशेबही समजून घ्या. ०.१ टक्का द्रावणाच्या १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड असते, म्हणजे एका गोळीइतके. ते सगळे रक्तात जात नाही. पण "जास्त लावले तर लवकर केस येतील" म्हणून दोन-तीन मिली ओतले, तर गोळी टाळण्याचा हेतूच हरवतो. युरोपातील फवाऱ्यात दिवसाची कमाल मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी आहे. त्यामुळे हे मिश्रण किती वेळा आणि किती लावायचे, हे डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच ठरवावे.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथे तयार करून विकल्या जाणाऱ्या, मान्यता नसलेल्या लावायच्या फिनास्टेराइडबाबत इशारा दिला. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे ३२ तक्रारी आल्या होत्या. त्यांत ताठरतेची अडचण, लैंगिक इच्छा कमी होणे, नैराश्य, चिंता आणि झोप न लागणे यांचा समावेश होता. तक्रार आली म्हणजे औषधच कारण ठरते असे नाही. पण असे काही जाणवले तर "हे तर नुसते लावायचे औषध आहे" म्हणून दुर्लक्ष करू नये. औषध थांबवावे आणि डॉक्टरांशी बोलावे. आत्महत्येचे विचार मनात आले तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

फिनास्टेराइडमुळे प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी खरी असते त्यापेक्षा कमी दिसते. चाळिशी-पन्नाशीनंतर ती तपासणी करताना आणि रक्तदान करण्यापूर्वी हे औषध चालू असल्याचे नक्की सांगावे.

जोडीचे उपाय

किटोकोनॅझोल शाम्पू. कोंड्यासाठीचा २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून धुतल्यास थोडी मदत होते, असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. कोंडा आणि खाज असेल तर तो जरूर वापरावा. पण तो एकटा टक्कल थांबवत नाही.

सूक्ष्म सुयांचा उपचार. २०१३ साली मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी १०० पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांत नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा मिनॉक्सिडिलसोबत आठवड्यातून एकदा सुयांचा रोलर फिरवलेल्या गटात केस बरेच जास्त वाढले. ही पद्धत आता अनेक ठिकाणी वापरतात. मात्र घरी स्वस्त रोलर घेऊन हा प्रयोग करू नये. अस्वच्छ सुयांनी जंतुसंसर्ग होतो, आणि टोचलेल्या त्वचेवर लगेच औषध लावले तर ते जास्त प्रमाणात रक्तात जाते. रोलर फिरवल्या दिवशी औषध कधी लावायचे, हे डॉक्टर सांगतील.

घरगुती उपाय आणि महागडे सीरम

खोबरेल तेल, माका, जास्वंद यांनी केस मऊ राहतात आणि तुटणे कमी होते. डोक्याला तेल लावण्यात गैर काही नाही. पण अनुवंशिक टक्कल त्याने थांबते असा पुरावा नाही. मिनॉक्सिडिल चालू असेल तर तेल धुण्याच्या एक-दोन तास आधी लावावे, रात्रभर ठेवू नये.

कांद्याच्या रसाची कीर्ती एका छोट्या अभ्यासावर उभी आहे. तो अभ्यास चाईच्या रुग्णांवर होता, अनुवंशिक टकलाच्या नव्हे. दोन्ही आजार वेगळे आहेत. कांद्याच्या रसाने त्वचेची आग होऊन रुग्ण दवाखान्यात येतात, हेही खरे.

रोजमेरी तेलाची २०१५ साली २ टक्के मिनॉक्सिडिलशी तुलना झाली आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखाच थोडा फरक दिसला. पण तो एकच लहान अभ्यास आहे आणि तुलना कमी ताकदीच्या मिनॉक्सिडिलशी होती. सीरमच्या बाटल्यांवर झळकणारी वनस्पतींच्या अर्कांची नावे सौंदर्यप्रसाधनांची आहेत. त्यांच्या चाचण्या बहुतेक लहान आणि विक्रेत्यांनीच केलेल्या असतात. त्यांच्यावर सहा महिने घालवले, तर खरा तोटा पैशांचा नसून तेवढ्या काळात बारीक होत गेलेल्या केशमुळांचा असतो.

"संशोधनासाठी" असे लिहून ऑनलाइन विकली जाणारी रसायने तर मुळीच लावू नयेत. त्यांची माणसांवर पुरेशी तपासणी झालेली नसते आणि बाटलीत नेमके काय आहे याची खात्री नसते.

घरच्यांनी काय काळजी घ्यावी?

- गर्भवती: फिनास्टेराइड असलेले औषध गर्भवतीच्या त्वचेला लागू देऊ नये. गर्भात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मूल होण्याचा विचार चालू असेल, तर पती-पत्नी दोघांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.
- लहान बाळ: वडिलांच्या डोक्याला लावलेले मिनॉक्सिडिल वारंवार लागून बाळाच्या अंगावर जास्त केस वाढल्याच्या नोंदी आहेत. औषध लावलेल्या डोक्याजवळ बाळाला घेऊ नये.
- मांजर: मिनॉक्सिडिल मांजरांसाठी विषारी आहे, थोडेसे चाटले तरी जीव जाऊ शकतो. उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा आणि सांडलेले औषध लगेच पुसावे.
- बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. पोटात गेल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आधी डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काही असेल तर कोणतेही औषध लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे:

- केस पुंजक्यांनी गळत आहेत किंवा गोल चट्टे पडले आहेत.
- डोक्यावर लाली, पू, वेदना किंवा व्रण आहेत.
- डेंगी, टायफॉइड यांसारखा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन घटणे यानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू झाली. ही गळती वेगळी असते आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते.
- वय १८ पेक्षा कमी आहे.
- भुवया आणि दाढीचेही केस जात आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*औषध आयुष्यभर लावावे लागेल का?*
केस टिकवायचे असतील तोपर्यंत, होय. थांबवल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत फायदा ओसरू लागतो. औषध न लावता जसे असते तसेच होते, त्याहून वाईट नाही.

*गोळी चालू आहे. ती सोडून लावायचे औषध घेऊ का?*
घेता येईल, पण दोन बदल एकाच दिवशी करू नयेत. आधी मिनॉक्सिडिल सुरू करून काही महिने बसू द्यावे, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीचा निर्णय घ्यावा. गोळीचा त्रासच होत असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे.

*सहा महिने नीट लावूनही फरक नाही, आता काय?*
आधी निदान आणि लावण्याची पद्धत तपासून घ्यावी. दोन्ही बरोबर असतील, तर फिनास्टेराइडचे मिश्रण, सुयांचा उपचार, गोळी किंवा केसांचे प्रत्यारोपण यांचा विचार होतो. प्रत्यारोपणानंतरही उरलेले केस टिकवायला औषध लागतेच.

*काहीच केले नाही तर चालेल का?*
चालेल. अनुवंशिक टकलाने प्रकृतीला धोका नसतो. केस बारीक कापून किंवा डोके तुळतुळीत करून समाधानाने राहणारे पुष्कळ जण आहेत. उपचार करायचा की नाही, हा निर्णय ज्याचे डोके त्याचा. करायचा ठरवला, तर एक सिद्ध औषध निवडा, ते योग्य पद्धतीने लावा आणि त्याला सहा महिने द्या.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या इतर आजारांचा आणि चालू औषधांचा विचार करून उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावा.*